समाधानाची बाटली

गुरांच्या दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं परिचर होते. परिचर म्हणजे झाडू मारायचा, शेण उचलायचं, सुया उकळायच्या, जनावर खोड्यात घालायचं आणि डॉक्टर सांगतील तिथं धरून ठेवायचं. खोडा म्हणजे लोखंडी पाइपांचा चौकोन. त्यात गाय उभी केली की तिला मागंपुढं होता येत नाही. ही नोकरी आधी नवऱ्याची होती. तो वारला आणि त्याच्या जागी मला घेतलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. सुरुवातीला औषधं मी झाकणाच्या रंगावरून ओळखायचे, नावं नंतर वाचता यायला लागली.

दवाखाना साक्रीच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतात तिथल्या एका बाजारच्या गावात. पुढं सगळे पाडे आणि वस्त्या. डॉक्टर येत, दोन-तीन वर्षं राहत, बदली करून घेत आणि जात. त्यांच्याबद्दल मला काही सांगायचं नाही. शेवटची जी आली तिच्याबद्दल सांगायचं आहे. ती चांगली डॉक्टर होती. आता ती जनावराला हात लावत नाही. हे कसं झालं ते मी जवळून पाहिलं, आणि त्यात माझाही वाटा आहे.

तोंडावर मी तिला मॅडमच म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. पण ती माझ्या धाकट्या मुलीपेक्षा लहान, म्हणून इथं तिला ती असंच लिहिते. भुसावळला रेल्वेच्या कॉलनीत वाढलेली. पहिल्या दिवशी आली ती स्कुटीवरून, पाठीला बॅग, आणि पहिला प्रश्न विचारला, "अक्का, इथं बायकांना जायला जागा कुठं आहे?" जागा नव्हती. मी तिला माझ्या घरी नेलं. नंतर तीन वर्षं ती माझ्याच घरी येत होती, त्यामुळं तिचं खाणंपिणं, आजारपण, घरून आलेले फोन हे सगळं मला आपोआप कळायचं.

तिचं काम बघण्यासारखं होतं. जनावर आलं की आधी ती त्याच्याभोवती एक चक्कर मारी. मग कानाच्या मुळाशी बोटं ठेवून उभी राही, आणि उभी असतानाच मालकाला विचारी. कितवं वेत? कधी व्याली? वार पडली का? पाणी कधी प्यायली? वेत म्हणजे किती वेळा व्याली ते, वार म्हणजे व्याल्यावर बाहेर पडणारी झिल्ली. आधीचे डॉक्टर एवढं विचारत नसत. लोकांना गंमत वाटे. एक आबा म्हणाले, "मॅडम, तुमी गायनं लगीन जमाडी ऱ्हायनात का?"

ती म्हणाली, "आबा, स्थळ चांगलं आहे. फक्त मुलीला ताप आहे."

आबांनी ते अख्ख्या बाजारात सांगितलं. पुढच्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, आमच्या ओट्यावर बसायला जागा नव्हती.

पहिला झटका तिला एका बैलापायी बसला. वस्तीवर गेलो होतो. बैलाच्या पोटात तार गेली होती, ती आतून काळजापर्यंत पोचली होती. गळ्याखाली सूज, मान ताठ, बैल कण्हत होता. तिनं नीट तपासलं आणि मालकाला सरळ सांगितलं की हा जगणार नाही, औषध घालून उपयोग नाही, उगीच त्याला टोचत बसायला नको. खरं तेच होतं. मालक बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, "जगनार नई हाई ते मनी सासू बी फुकट सांगस. तुमी कसाले उनात?"

आम्ही निघालो तर ती बाई पाठीमागून ओरडत होती की डाक्टरीण आली, बघितलं, हात झटकले आणि गेली. दोन दिवसांनी वरून फोन आला. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण मॅडम "हो सर, हो सर" करत होती आणि बोटानं टेबलावरचा रंग खरवडत होती.

त्या दिवशी मी तिला समाधानाच्या बाटलीचं सांगितलं.

हा शब्द आमच्याकडचा जुना. मी नोकरीला लागले तेव्हाचे म्हातारे डॉक्टर वापरायचे. जनावर जाणार हे नक्की झालं की सलाइनची एक बाटली लावायची. ती थेंब थेंब जायला वेळ लागतो. मालक बाटली उंच धरून उभा राहतो, त्याच्या हाताला काम मिळतं. शेजारीपाजारी येऊन बघून जातात. जनावर गेलं तर घरात कोणी कोणाला बोल लावत नाही, कारण बाटली लावली होती. रजिस्टरात त्याचं नाव वेगळं लिहायचं, पण आमच्या तोंडी समाधानाची बाटली. म्हातारे डॉक्टर महिन्यातून एखादी लावत.

"अक्का, हे खोटं आहे," ती म्हणाली.

"खोटं काय त्यात? मीठपाणी आहे. जनावराला इजा नाही."

"आणि ते तडफडत असतं त्याचं काय?"

मी सुया उकळायला ठेवल्या. तिच्या शिक्षणात होतं की वाचणार नसेल तर त्याला झोपवून मोकळं करायचं. कुत्र्याला शहरात करतात तसं. आमच्याकडं गायीच्या बाबतीत तो शब्द काढता येत नाही. तिनं एकदा काढला. हमरस्त्यावर ट्रकनं एका गाईचं कंबरडं मोडलं होतं, गाय मागच्या पायांनी उठूच शकत नव्हती. तिनं मालकाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. त्यानं तिथल्या तिथं हात जोडले. "पाप लागी माले मॅडम. ऱ्हावू द्या." ती गाय अकरा दिवस पडून होती. आम्ही एक दिवसाआड जात होतो. जखमांत किडे पडले, ते काढत होतो. बाराव्या दिवशी निरोप आला की आता येऊ नका.

त्या अकरा दिवसांत मॅडम बाटली लावायला शिकली. मीच तिच्या हातात दिली. मला वाटलं, पोरीला सोपं जाईल.

मग तिच्याकडं शेजारच्या दवाखान्याचाही भार आला, कारण तिथली जागा रिकामी होती. आमचा मलमपट्टी करणारा ड्रेसर निवृत्त झाला, त्याची जागाही भरली नाही. राहिलो आम्ही दोघी. सकाळी आमचा दवाखाना, दुपारी तिकडचा, मधल्या वस्त्या जाता-येता. शिवाय प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला मारायचा आणि त्याचा नंबर मोबाईलमध्ये भरायचा. डोंगरात मोबाईल लागत नाही. ती नंबर हाताच्या पंजावर पेनानं लिहायची आणि संध्याकाळी माझ्या गच्चीवर उभी राहून भरायची. हात धुताना नंबर पुसले गेले तर परत त्या वस्तीवर जायचं.

माणूस मोडायला लागतो ते एकदम दिसत नाही. जनावरात मला लवकर दिसतं. जे जनावर कळपाच्या शेवटी चालतं, माश्या बसल्या तरी शेपटी हलवत नाही, ते आजारी. तिच्यात मला पहिली गोष्ट दिसली ती हेल्मेटची. सकाळी स्कुटी दवाखान्यासमोर लावायची आणि हेल्मेट न काढता तशीच बसून राहायची. आधी थोडा वेळ. मग इतका वेळ की आलेली माणसं माझ्याकडं बघायची. मी झाडू घेऊन तिच्या चाकाजवळ झाडायला लागले की ती उतरायची.

दुसरी गोष्ट, तिचे प्रश्न कमी झाले. कितवं वेत हे विचारणं बंद झालं. कधी व्याली हेही बंद झालं. जनावराभोवतीची चक्कर गेली. पुढून बघायची, सुई भरायची आणि "पुढचं आणा" म्हणायची. जेवणाचा डबा उघडायची नाही. घरून फोन आला की बघायची आणि ठेवून द्यायची. मी एकदा म्हणाले, "आईचा आहे, उचला."

"काय सांगू उचलून? आज किती मेली ते?"

सुट्टी घ्या, मी म्हणाले. तिनं घेतली, चार दिवसांची. भुसावळला गेली. दुसऱ्याच दिवशी परत बोलावणं आलं, कारण लंपीची पहिली गाय आमच्याच भागात सापडली होती.

लंपीचं वर्ष ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. अंगभर सुपारीएवढ्या गाठी, ताप, पाय हत्तीसारखे सुजलेले, नाकातून पू. गुरांचे बाजार बंद. पाड्यापाड्यातून कडुलिंबाचा धूर. औषध त्या रोगावर नव्हतं. ताप उतरवायचा, जखमा धुवायच्या आणि वाट बघायची. आम्ही सकाळी लशीचा बर्फाचा डबा घेऊन निघायचो. मी स्कुटीवर मागं बसायचे, डबा मांडीवर, मांडी बधिर व्हायची. ज्या घरी जायचो तिथं माणसं आधीच उभी असायची, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "जगी का मॅडम?" पहिल्या आठवड्यात ती उत्तर द्यायची. नंतर माझ्याकडं न बघता म्हणायची, "अक्का, बाटली." मी काय ते समजायचे.

म्हातारे डॉक्टर महिन्याला एखादी लावत. आम्ही दिवसाला लावत होतो. समाधानापायी बाटल्या संपायच्या, मग खऱ्या गरजेच्या जनावराला बाटली नसायची.

साथ ऐन भरात असताना धुळ्याला सगळ्या डॉक्टरांना अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाला बोलावलं. कामाचा ताण कसा कमी करायचा त्याचं. मी बर्फाचे डबे बदलून आणायला सोबत गेले होते, मागं बसले. एक गृहस्थ आले. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, श्वास घ्यायला लावला, आणि शेजाऱ्याकडं बघून हसायला सांगितलं. अर्धे डॉक्टर डोळे मिटल्यावर झोपून गेले. एकाच्या घोरण्यावर मात्र सगळे मनापासून हसले. शेवटी एक कागद वाटला. त्यावर छापील प्रश्न. कामाला जाताना नको वाटतं का? समोरच्याच्या दुःखाचं काही वाटेनासं झालं आहे का? आपण करतो त्याचा उपयोग नाही असं वाटतं का? पुढं चौकटी, कधीच नाही, कधी कधी, नेहमी. मॅडमनं सरळ रेघ ओढावी तशा सगळ्या खुणा "कधीच नाही"वर केल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खोटं का लिहिलं?"

"खरं लिहिलं तर काय करणार आहेत, अक्का? दुसरा डॉक्टर पाठवतील?"

मला ते पटलं. आजही पटतं. पण मी म्हणाले, "निदान आईला तरी खरं सांगा."

ती फाटकातच थांबली आणि म्हणाली, "तुम्ही डबे धरा फक्त. डॉक्टर मी आहे का तुम्ही?"

एवढ्या वर्षांत मला असं बरेच डॉक्टर बोलले होते. तिच्याकडून लागलं. मी रुसले. साठीला आलेली बाई रुसली. चार दिवस मी हो आणि नाही यापलीकडं तोंड उघडलं नाही. हे एवढ्यासाठी सांगते की ती गाय त्याच चार दिवसांत आली.

दुपार कलली होती. तीन वस्त्या अजून बाकी होत्या. त्या वस्तीत चौथ्या घरी म्हातारा-म्हातारी दोघंच. स्थळाची गंमत बाजारभर सांगणारे तेच आबा. त्यांची एकच गाय, जर्सी, दुधाला जबर. ती खाली बसली होती, मान वळवून कुशीवर टाकलेली. अंगावर पाच-सहा गाठी होत्या, वाळत आलेल्या. आबा म्हणाले, "बठ्ठं करा मॅडम. काही बाकी ठेवू नका."

मॅडम फाटकाजवळूनच बघत होती. म्हणाली, "अक्का, बाटली."

मी गाईचं डोकं धरायला बसले. कान हातात आला. तो थंड होता. लंपीच्या गाईचा कान तापलेला असतो, दिवसभर आम्ही तापलेले कान धरत होतो. हा माठासारखा थंड. मी खाली पाहिलं तर कास भरलेली, ताठ. नुकती व्यालेली गाय, मान कुशीवर, कान थंड. याला पुस्तक लागत नाही. अंगातलं कॅल्शियम दुधात उतरतं आणि गाय बसते. शिरेतून कॅल्शियमची बाटली दिली तर अर्ध्या तासात उठून चारा मागते. मी असल्या कितीतरी गाई उठताना पाहिल्या आहेत. आमच्या कामात तेवढी एकच गोष्ट अशी आहे की जिला लोक चमत्कार म्हणतात. कॅल्शियमच्या दोन बाटल्या स्कुटीच्या डिकीत होत्या.

वासरू दिसत नव्हतं. ते का दिसलं नाही ते नंतर कळलं. म्हातारीनं लंपीच्या भीतीनं ते व्याल्याच्या दुसऱ्या दिवशीच काही दिवसांसाठी भावाच्या वस्तीवर नेऊन बांधलं होतं. आबांना वाटलं, लंपी म्हणजे लंपी, व्याल्याचं काय सांगायचं. आणि मॅडमनं विचारलं नाही.

मी तोंड उघडलं नाही. डॉक्टर ती होती ना. गुडघे दुखत होते, तीन वस्त्या बाकी होत्या, मनात राग होता. मी कान धरून बसले आणि मीठपाण्याची बाटली लावली. आबांच्या हातात ती दिली. आम्ही पुढच्या घरी गेलो. येताना बाटली काढून घेतली, गाय तशीच होती. आबांनी आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले. मॅडमनं खाल्ले नाहीत, मी खाल्ले.

गाय पहाटेच गेली.

आठवड्याभरानं आबा दवाखान्यात आले, हातात नारळ. मॅडम रजिस्टर भरत होती. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुमी उनात, बाटली लायी. मना जीव शांत शे. गावमा कोन्ही म्हनाव नई, आबानी गाय बिन दवाईनी मरी."

"बसा आबा," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"बसाले टाइम नई. वासरू दूध मांगस, त्येले बाटलीवरी पाजनं पडस."

तिचं पेन थांबलं. "कुठलं वासरू?"

"तिनंच. दोन रोज पहिले व्यायेल व्हती ना."

तिनं मान वर केली ती आबांकडं नाही, माझ्याकडं. मी टेबलाची पुसलेली जागाच पुन्हा पुसत होते. तिला जे कळायचं ते माझ्या हातावरून कळलं असावं. आबा रामराम करून गेले. ती उठली आणि दार लावलं.

"कान थंड होते?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

मला वाटलं ती ओरडेल. मला ते हवंही होतं. ती खुर्चीवर बसली आणि तो नारळ हातानं बाजूला सारला. मग म्हणाली, "आबांना सांगून येते. माझ्यामुळं गेली म्हणून."

मी तिचा हात धरला. "काही सांगायचं नाही. तुम्ही सांगाल आणि मोकळ्या व्हाल. त्याच्या हातात काय राहील? त्याचं समाधान आहे तेवढं राहू द्या."

ती हसली. फार वाईट हसली. "म्हणजे ही पण बाटलीच ना, अक्का?"

ती गेली नाही. माझं ऐकलं. पुन्हा एकदा माझंच ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून तिचे हात थांबले. हे खरंच असं झालं. सुई भरे, गायीजवळ जाई, आणि हात पुढं होईना.  मला म्हणे, "अक्का, तुम्ही कान बघा. गरम आहे ना? नक्की ना?" मी हो म्हटल्यावर पुन्हा विचारी. एका गायीपाशी तासभर जायला लागला. बाहेर रांग लागली. लोक म्हणू लागले, डाक्टरीण भेदरली. एकानं तोंडावर विचारलं, "मॅडम, गाय चावस का तुमले?" आधीची ती असती तर काहीतरी फटकन बोलली असती.

मी माझ्या परीनं केलं ते लिहिते, त्याचा उपयोग झाला नाही तरी. तिला घरी जेवायला बसवलं. तिच्या आईला मी स्वतः फोन केला. आई आली, आठ दिवस माझ्याकडं राहिली, पोरीच्या डोक्याला तेल लावलं, दृष्ट काढली. धुळ्याला एका मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्या म्हणाले. चांगले होते ते, घाईत नव्हते. पण विश्रांती घ्यायची म्हणजे दवाखान्याला कुलूप. ती गोळी घेऊन झोपायची आणि सकाळी परत येऊन हेल्मेट घालून बसायची. मी चाकाजवळ झाडू मारायचे, तरी ती उतरायची नाही. एके दिवशी तिनं तिथूनच स्कुटी वळवली.

अर्ज, खेटे, ओळखी हे सगळं होऊन तिला धुळ्याला टेबलाचं काम मिळालं. त्याच महिन्यात माझी नोकरी संपली. आमच्या दोघींचा निरोप एकाच दिवशी झाला. मला साडी, तिला पुस्तक. चार माणसांनी भाषणं केली की मॅडमनी लंपीत जिवाचं रान केलं. आबाही आले होते, पहिल्या ओळीत. त्यांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. मॅडमनं बोलायला नकार दिला.

नवीन डॉक्टर आला नाही. अजून आलेला नाही. आठवड्यातून एकदा दुसरीकडचा कोणीतरी येतो, येतोच असं नाही. माझं घर दवाखान्याला लागून, म्हणून लोक गाय घेऊन माझ्या दारात येतात. मी साक्रीला न्या म्हणते. गाय साक्रीला चालत जाईल का हे ते विचारत नाहीत आणि मीही बोलत नाही.

मग मी एक गोष्ट केली. ती करायला नको होती. मला वाटत राहिलं की तिला आबांकडं जाऊ दिलं असतं तर तिचे हात थांबले नसते. आतलं बाहेर पडलं असतं. म्हणून ठरवलं की मी जाऊन सांगते, आणि मग तिला कळवते की सांगून झालं. शहाणपण म्हणतात ते असं उशिरा येतं आणि चुकीच्या घरी जातं.

आबा ओट्यावर तूर निवडत होते. मी फिरवून बोलले नाही. गायीला लंपीनं नेलं नाही, व्याल्यावर बसली होती, दुसरी, कॅल्शियमची बाटली दिली असती तर उठली असती, मॅडमच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं होतं आणि मी बोलले नाही.

"म्हंजे वाचती?" आबा म्हणाले.

"हो."

आतून म्हातारी बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मला काही बोलली नाही, नवऱ्याकडं वळली. "मी सांगेल व्हतं ना, वासरूनं सांगा म्हनीसन! सांगेल व्हतं का नई?"

"तू कव्हय सांगं?"

"तोंड कुलूप लायेल व्हतं तुमनं! मनी गाय मारी टाकी!"

"वासरू कोनी हाकली दिन्हं? तुनीच ना?"

दोघं पंचाहत्तरीची. मी त्यांना असं भांडताना कधी पाहिलं नव्हतं. म्हातारी भिंतीला टेकून खाली बसली आणि कपाळावर हात मारून घेऊ लागली. आबांनी सूप बाजूला सारलं आणि का सांगितलंस म्हणून मलाच विचारलं, "तू माले काब्र सांगं? मी तुनाकडे विचाराले उंथू का?"

मी उठून आले. आबा आता बाजारात दिसले तर मान फिरवतात. म्हातारी भावाच्या वस्तीवर राहायला गेली, दोन महिने आली नाही. आली ती बोलत नाही असं शेजारीण सांगते.

तरी मी धुळ्याला गेले. आता लपवायचं नाही असं ठरवलं होतं. मोठं कार्यालय, लांब व्हरांडा, तिसऱ्या खोलीत ती. तब्येत सुधारली होती, चेहरा भरला होता. टेबलावर बिल्ल्यांच्या नंबरांचे गठ्ठे. मला बघून उठली, खुर्ची दिली, चहा मागवला.

"झोप येते?" मी विचारलं.

"येते. गोळ्या बंद केल्या. इथं बरं आहे, अक्का. इथं काही मरत नाही."

मी तिला आबांचं सांगितलं. सगळं. म्हातारीचं, भांडणाचं, आबा काय म्हणाले तेही. ती ऐकत होती. मधे एकदा तिनं गठ्ठ्यातला एक कागद सरळ केला. संपल्यावर मी म्हणाले, "चुकलं माझं. तेव्हा अडवलं ते चुकलं आणि आता सांगितलं तेही चुकलं."

"हं," ती म्हणाली. "मी गेले असते तरी ते असंच भांडले असते."

"परत दवाखान्यात येणार का कधी? आमच्याकडं नको, कुठंही."

"नाही."

"शिक्षण एवढं घेतलं."

"हो ना."

चहा आला. आम्ही पीत होतो तेवढ्यात शेजारच्या खोलीतला एक जण हातात फोन घेऊन आत आला. पारोळ्याकडून कोणाचा तरी होता, त्याच्या नात्यातला. म्हैस अडली होती, सकाळपासून, रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता, जवळ डॉक्टर कोणी मिळत नव्हता. "मॅडम, फक्त काय करायचं तेवढं सांगा. माणूस रडतोय."

फोनमधून रडणं मलाही ऐकू येत होतं. तिनं फोन घेतला नाही. दोन्ही हात टेबलाखाली नेले.

"दुसऱ्या कोणाला विचारा," ती म्हणाली.

"मॅडम, एकच मिनिट..."

"मला येत नाही ते."

तो माझ्याकडं बघून, मी कोण असेन याचा विचार करत, बाहेर गेला. व्हरांड्यात तो कोणालातरी दुसरा नंबर मागत होता. मी तिला "सांगा ना" म्हणाले नाही. मी तिला आधी दोनदा सांगितलं होतं काय करायचं ते.

थोड्या वेळानं तिनं एक हात वर काढला, कप उचलला आणि उरलेला चहा प्यायली. मीही माझा संपवला.